आत्याची तोंडी परीक्षा

माझ्या आत्याला हॉस्पिटलात सगळे ‘परीक्षावाली सिस्टर’ म्हणत. ऑपरेशनच्या कागदावर पेशंटची सही झाली, की ती विचारायची, “आता तुमच्या शब्दांत सांगा बघू, काय करणार आहेत तुमचं?” पेशंट म्हणायचा, “ते डॉक्टरांना ठाऊक.” झालं, नापास! आत्या डॉक्टरांना परत बोलवायची. डॉक्टर करवादायचे, “सिस्टर, सही झालीय ना?” आत्या म्हणायची, “हाताची झालीय. डोक्याची बाकी आहे.” या स्वभावापायी तिला बढती उशिरा मिळाली. पाय तेवढे वेळेवर दुखायला लागले.

यंदा तिच्याच गळ्याला गाठ आली, थायरॉइडची. सर्जन जाता जाता म्हणाले, “तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर! तुम्ही घरच्याच.” भूल देणाऱ्या बाईंचंही तेच. आत्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरीनं संमतीपत्र आणलं, तेही सहीच्या जागेवर बोट ठेवून. आत्यानं मुकाट्यानं सही केली. तिची सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेलेली. गळ्यातलं तिला माझ्याइतकंच कळायचं, म्हणजे काहीच नाही.

खाटेपाशी मी आणि आतोबा बसलो होतो. आतोबांची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली. घरात ते आत्याच्या आवाजावर चालतात. “डावीकडे. पुढं स्टूल आहे. अहो, स्टूल म्हटलं ना!”

मी तिला चिडवायला म्हणून विचारलं, “काय आत्या, सांग बघू तुझ्या शब्दांत, काय करणार आहेत?”

“गाठ काढणार.”

“आणि त्यात धोका काय?”

तिनं चादरीची सुरकुती सरळ केली.

“नापास!” मी म्हणालो. पाठीत धपाटा बसेल असं वाटलं होतं. बसला नाही.

“शेजारची बाई सांगत होती,” ती हळूच म्हणाली, “तिच्या बहिणीचा आवाज गेला म्हणे यात.”

“मग विचारलं का नाहीस?”

“ज्या पोरींना विचारायला शिकवलं, त्यांच्यापुढं मला ठाऊक नाही म्हणू? आणि खरं सांगू, दमले रे. जन्मभर लोकांसाठी भांडले. आता स्वतःसाठी भांडायचं म्हटलं तर त्राण उरलं नाही.”

आतोबांनी मान वर केली. “आवाज जाणार? कुणाचा?”

तेवढ्यात ती पोरगी स्ट्रेचर घेऊन आली. आत्यानं आतोबांकडे पाहिलं आणि उसासा टाकला. “सर्जनना बोलव.”

“पण सिस्टर, सही झालीय!”

“सही केली म्हणजे जीभ गहाण टाकली नाही. भूल चढेपर्यंत नाही म्हणता येतं. कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मग पळ.”

सर्जन कपाळाला आठ्या घालून आले, पण स्टुलावर बसले आणि नीट बोलले. गाठीमागूनच आवाजाची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, एखाद्याचा येत नाही. गाठ थायरॉइडच्या एका बाजूला आहे, पण आत शंका आली तर दुसरीही बाजू काढायची, तसं कागदावर लिहिलेलंच आहे. दोन्ही काढल्या तर धोका वाढतो.

“दुसरी बाजू मला विचारल्याशिवाय काढायची नाही,” आत्या म्हणाली.

“मग पुन्हा ऑपरेशन करावं लागेल कदाचित.”

“लागू दे. आता हे सगळं यांनाही सांगा.”

“काकांना कशाला? संमती तुमची लागते.”

“संमती माझी, पण भिंतीवर हे आपटणार ना!”

आतोबांनी सगळं ऐकून घेतलं. “आणि गाठ ठेवली तर?”

“वाढेल. श्वासाला त्रास होईल.”

“मग काढा. आवाज गेला तर ही टाळ्या वाजवेल. एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे.”

“आणि थांबा म्हणायचं असेल तर?” आत्यानं विचारलं.

“तू म्हणालीस आणि मी थांबलो, असं कधी झालंय?”

लगेच रंगीत तालीम झाली. आत्यानं दोन टाळ्या वाजवल्या. आतोबा ठामपणे डावीकडे वळले आणि सलाईनच्या स्टँडवर आदळले. स्टँड सर्जननीच झेलला.

“नापास,” आत्या म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिनं कागद मागवला, दुसऱ्या बाजूच्या ओळीवर काट मारली, नवी सही केली, सर्जनचीही घेतली. मग स्ट्रेचरवर आडवी होत त्या पोरीला म्हणाली, “विचार.”

पोरीनं विचारलं. आत्यानं डोळे मिटून, थकलेल्या आवाजात, गाठीपासून टाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. स्ट्रेचर दाराबाहेर गेलं तरी ती सांगतच होती, आणि आतोबा तिकडं कान लावून उभे होते.