ज्याचं त्याले

आमच्या दातवाल्या डॉक्टरांनी उपटलेला दात कधी फेकला नाही. धुवायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे आणि ज्याच्या तोंडातला त्याच्या हातात द्यायचे. "ज्याचं त्याले," म्हणायचे. माणूस पुण्याकडचा, आमची बोली त्यांच्या तोंडात बसत नव्हती. हे दोन शब्द मात्र बसले. मोताळ्याच्या बाजारात लोक हसायचे, "मंग आमचे पैसे बी वापस द्या ना, डॉक्टर!"

मी त्यांच्या दवाखान्यात झाडलोट करायचो, चिमटे उकळायचो. शाळा चौथीपर्यंत. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हे लिहितो.

महाराष्ट्र नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खेड्यातली एक पोर मोताळ्यात दिलेली. नवऱ्याचं पितळी भांडी उजळायचं दुकान, तेजाबाच्या बरण्या भरलेल्या. एक दिवस पोर दिसेना. सासरचे म्हणाले, पळाली कोणासोबत. गावालाही तेच गोड लागलं. पुढे दुकानामागच्या खड्ड्यात पोलिसांना दोन दाढा सापडल्या. त्या त्यांनी डॉक्टरांकडे आणल्या.

डॉक्टरांनी बशीत घेऊन पाहिल्या. एका दाढेत चांदी भरलेली होती. "ही मीच भरली. त्याच पोरीला." दाढ खडूसारखी पांढरी, मुळं वातीएवढी बारीक, आणि चांदी तेवढी टेकडीसारखी वर आलेली. भोवतालचा दात तेजाबानं खाल्ला, चांदीला हात लावला नाही, असं ते म्हणाले. सासरचे म्हणाले, कोण्या म्हाताऱ्याची दाढ असेल, मातीत सडली. पोरीची माय दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायला लागली. "माही पोर पळणारी नव्हती," एवढंच म्हणायची.

हे मातीचं नाही, तेजाबाचंच काम, असं कोर्टाला दाखवायचं तर तशीच चांदी भरलेली दुसरी दाढ त्याच तेजाबात टाकून पाहावी लागणार होती. डॉक्टरांनी ज्यांना ज्यांना चांदी भरली त्यांना विचारलं. दात जळाला तर माणूस जळतो, अशी लोकांची समजूत. एकजण तर तोंडावर म्हणाला, "ज्याचं त्याले म्हनता, अन् आता मांगून काऊन राह्यले?"

माझ्या बायकोची एक दाढ त्यांनीच भरली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती आपल्या पायानं आली, खुर्चीत बसली.

"बाई, ही दाढ वाचेल," डॉक्टर म्हणाले.

"माह्या तोंडात लय दाढा हायेत. त्या मायजवळ जाळाले बी काही नाही. काढा."

"येडी झाली काय वो?" मी ओरडलो.

"तुमी चिमटे उकळा," ती म्हणाली.

त्या दुकानातलं तेजाब पोलिसांनी आणून दिलं. काचेच्या पेल्यात दाढ टाकली, बारीक फेस आला. दुसऱ्या दिवशी काढली तर तोच खडू, तीच वात, तीच टेकडी. दोन्ही दाढा शेजारी ठेवल्या तर मलाही ओळखू येईनात. कोर्टानं मानलं. नवरा आत गेला. खटला मिटल्यावर डॉक्टरांनी पोरीच्या दाढा मागून घेतल्या आणि एसटीनं जाऊन मायच्या पदरात घातल्या. तिनं गोवऱ्या रचून अग्नी दिला. त्या दिवसापासून पोरीला पळालेली कोणी म्हटलं नाही.

बायकोच्या दाढेचं उरलंसुरलं तिला पुडीत मिळालं. तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. जन्मभर एका बाजूनं भाकर चावली. मी चिडवायचो, "कर अजून दान!" ती म्हणायची, "तुमची जीभ करीन."

डॉक्टर म्हातारपणी पोराकडे गेले. एसटीत बसताना बोळकं पसरून म्हणाले, "माझे सगळे पडले रे, आता कोणाला देऊ?" तिकडेच वारले.

यंदा बायको गेली. राख सावडायला मी करंडा घेऊन गेलो. पुडी सोडली आणि तिच्या दाढेतला तो चांदीचा मणी अस्थींच्या मडक्यात टाकला.

"हे काय हाये, बाबा?" पोरानं विचारलं.

"तुह्या मायचंच हाये."

मडकं नळगंगेत सोडलं. करंडा रिकामा घरी आणला. तो कोणाला द्यायचा, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.