पोरीले बिब्बा लावू देनार नाही

माझी मुलगी चार महिन्यांची असतानाची गोष्ट. पौषातली थंडी होती. नवरा हरभऱ्याला पाणी द्यायला सकाळीच शेतात गेला होता. पोरीला तीन दिवस सर्दी होती, पण त्या सकाळी तिनं दूध ओढायचंच सोडलं. अंगावरचं झबलं काढलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"डब्बा झाला पोरीले," सासूबाई म्हणाल्या आणि गल्लीतल्या म्हातारीला बोलावून आणलं. तान्ह्या बाळाची छाती अशी भरली की ही म्हातारी गरम बिब्ब्याचे चटके पोटावर द्यायची. तिनं दिवा पेटवला, बिब्ब्यात सुई खुपसली.

लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी शिकवलं होतं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पन्नासच्या वर गेले तर वाट पाहायची नाही. मी मोबाइल समोर ठेवून मोजले. अडुसष्ट.

"मी बिब्बा लावू देनार नाही," मी म्हणाले.

"काहून?" सासूबाई चिडल्या. "तुह्या नवऱ्याले लावला होता. वाचला ना तो?"

"ते वाचले. त्यायच्या आधीचा कुठी वाचला, आई? त्याले बी लावलाच होता ना?"

आपलं ते लेकरू गेल्याचा विषय सासूबाई कधी काढत नसत. असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पोरीला छातीशी धरून मी दारात उभी राहिले आणि शब्द मागे घेतला नाही.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता पोरीला हिसकावतील. त्यांनी खुंटीवरची शाल काढली, पोरीभोवती गुंडाळली आणि म्हातारीकडे न बघता म्हणाल्या, "दिवा इझव, बाई."

शेजारच्या बांगडीवाल्या चाचांनी मोटारसायकल काढली. पोरीला मांडीवर घेऊन मी मालेगावच्या सरकारी दवाखान्यात पोचले. नर्सबाई केसपेपर काढून आणायला सांगत होत्या.

"कागद मागून काढतो. आधी हिचा श्वास पाहा!" मी ओरडलेच.

त्यांनी शाल बाजूला केली आणि तडक ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे. दुपारच्या बसनं सासूबाई डबा घेऊन आल्या. नवरा शेत सांभाळून ये-जा करायचा; सहा दिवस आम्ही दोघी आळीपाळीनं पोरीजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी ती दूध प्यायली, तेव्हा सासूबाई तोंडाला पदर लावून व्हरांड्यात गेल्या. आम्ही त्या गेलेल्या लेकराबद्दल बोललो नाही.

घरी आलो तर म्हातारी ओट्यावरच बसलेली. पोरीच्या हातावरच्या सुयांच्या खुणा बघून म्हणाली, "माह्या एका चटक्याले भेत होत्या, अन् तिथी एवढ्या सुया टोचून घेतल्या!"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "घेतल्या. अजून लागल्या असत्या तर अजून घेतल्या असत्या."