कॉलरताईची शिस्त

आमच्या जिन्यात बातमी फुटली की कॉलरताईला दिवस गेलेत. सेहेचाळिसाव्या वर्षी! सकाळी ओकाऱ्या, कमरेवर हात, तोंड पिवळंधमक. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना एवढा पुरावा पुरला. "लेकीच्या बाळंतपणाच्या वयात आईचं," असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीतिघींनी बाळ कोणाच्या वळणावर जाणार तेही ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा भेटला. तो टेम्पो चालवतो आणि दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले तीन त्याने जिन्यात खर्च केले: "किडनीत इन्फेक्शन झालंय." आमचा पाळणा तिथेच बारगळला.

ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, म्हणून कॉलरताई. कॉलरची टोकं अशी काढायची की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. तिची स्वतःची मान मात्र मशीनवर वाकलेली. त्या कारखान्यात एका रांगेला एकच पितळी बिल्ला. तो सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला. जिला लघवीला जायचं तिने बिल्ला न्यायचा, ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी पाय आवळून बसायचं. शिवाय एक उठली की तिच्या मशीनवर अर्धवट शर्टांचा ढीग, आणि पुढची रिकामी बसून डोळे वटारणार. त्यावर बायकांनी तोड काढली होती: पाणीच प्यायचं नाही.

कॉलरताई त्यातही वरचढ. तिने म्हणे बिल्ल्याला कधी हातच लावला नव्हता. "मी घरून जाऊन निघते ती संध्याकाळी घरीच," हे ती अशा थाटात सांगायची, जशा दुसऱ्या बाया पोराचे मार्क सांगतात. सुपरवायझर रांगेला ऐकवायचा, "शिका जरा ताईकडून!" ताई फुगायची. पोटातली लघवीची पिशवीही फुगायची, पण तिचं कौतुक कोण करणार?

मग जळजळ सुरू झाली. "उष्णता असेल," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, पाणी पी भरपूर."

"प्यायलं की जावं लागतं, गेलं की आग होते. मग प्यायचंच कशाला?"

असा तिचा हिशेब!

नाक्यावरच्या डॉक्टरने लघवी तपासली, आठवड्याच्या गोळ्या दिल्या आणि सगळ्या संपवायला बजावलं. दोन-तीन दिवसांत आग थांबली. नेमकी तेव्हाच शेजारच्या मशीनवरच्या बटणवालीला तीच तक्रार सुरू झाली. त्या रांगेत सुई, तेल, डोकेदुखीची गोळी, सगळं एकमेकींचं चालतं. ताईने उरलेली पट्टी तिच्या हातावर ठेवली. "माझं थांबलंय, तू घे." एका औषधात दोघी! काटकसर म्हणावी तर अशी. बऱ्या दोघीही झाल्या नाहीत, जंतूंचं तेवढं फावलं.

पुढे एक दिवस ताईला अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. बरगडीखाली पाठीत एका बाजूला कळ, अंगात ताप, पोटात घोटभर पाणी ठरेना. म्हणजे आमचं बाळ ते हे! हॉस्पिटलात मीच तिच्यासोबत बसले. डॉक्टरीण वयाने तिच्या लेकीएवढी, पण जीभ धारदार.

"गोळ्या का सोडल्यात, काकू?"

"सोडल्या नाहीत. दिल्या."

"कोणाला?"

"शेजारच्या मशीनला."

डॉक्टरिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच ती मशीन. मग तिने सांगितलं, की खाली पिशवीत होतं ते इन्फेक्शन वर किडनीत चढलंय. आग थांबली म्हणजे जंतू मेले असं नसतं. अर्ध्यावर औषध सोडलं की चिवट जंतू उरतात आणि तेच वाढतात. ओकाऱ्यांमुळे गोळी टिकेना, म्हणून शिरेतून औषध आणि सलाइन सुरू झालं. लघवीतले जंतू वाढवून कुठल्या औषधाने मरतात ते पाहिलं, तर पहिल्या गोळ्यांना ते आता जुमानत नव्हते. औषध बदललं, तेव्हा कुठे ताप उतरला. ताईने तिथूनच बटणवालीला निरोप धाडला: "जाऊन तपासून घे. माझ्या भरवशावर राहू नकोस."

ताई वाचली. पण नंतरच्या तपासणीत उजव्या किडनीवर व्रण दिसला. "हा भरून यायचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. "काम भागतंय, पण असंच पुन्हापुन्हा चढत राहिलं तर किडनीच गमावाल. पाणी प्यायचं, आणि लागली की जायचं. दाबून ठेवायची नाही."

ताई कामावर गेली ती पाण्याची बाटली घेऊन. लागली की उठायची, बिल्ला घ्यायची, जायची. हॉस्पिटलात येऊन डोळे पुसून गेलेल्या त्याच बायका आता पाठीमागे च्‌ च्‌ करू लागल्या. ढीग साचतो ना! शेवटी तिला कॉलरवरून काढलं. आता ती मागच्या कोपऱ्यात तयार शर्टांचे लोंबते धागे कापते, पगारही कमी. तिच्या मशीनवर नवी मुलगी बसवलीय. ती पाणी पीत नाही म्हणून तिची फार वाखाणणी चाललीय.

ताईला काढलं तो प्रसंग बटणवालीने मला जसाच्या तसा सांगितला. सुपरवायझर सगळ्या रांगेदेखत ओरडला, "सारखी उठतेस! हा काय बगीचा वाटला काय तुला?"

ताईने हातातली कॉलर खाली ठेवली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही जितक्या वेळा चहाला उठता, तितक्याच वेळा मी उठते. तुम्ही प्यायला जाता, मी टाकायला जाते. तुमचं थांबवलं तर कोणी मरत नाही."