सिद्दिनानं लिहिलेलं अकरावं पत्र

नाम्फामो बाबा आंधळे. ते सांगायचे आणि सिद्दिना लिहायची. चांभारकुंडावर कातडी कमावणाऱ्या बारिकची ती बायको. अक्षर बापाकडून शिकलेली. कैदेतल्या ख्रिस्ती भावाबहिणींना धीर देणारी बाबांची पत्रं पार कार्थेजपर्यंत वाचली जात.

अकरावं पत्र लिहिताना मात्र तिचा हात अडला. जो कोणी आपले धर्माचे ग्रंथ नि पत्रं शिपायांच्या हाती जाळायला देईल, त्याला मरेपर्यंत मंडळीत, प्रभूच्या पंगतीत घेऊ नये, असं बाबांनी सांगितलं होतं.

"बाबा, फार कडक झालं हो."

"भाकरी शिळी झाली की कडक होते, पोरी. हे ताजं आहे. लिही."

तिनं लिहिलं.

ते पत्र अजून कुठं गेलं नव्हतं, तोच वसंतात रोमच्या बादशहाचा आणखी कडक हुकूम आला. बाबांना तांब्याच्या खाणीकडे चालवत नेलं; ते वाटेतच गेले. मग शिपाई कुंडावर आले. त्यांनी बारिकचं तोंड चुन्याच्या हौदात दाबलं.

"म्हाताऱ्याची पत्रं काढ!"

जवाच्या रांजणाखालून सिद्दिनानं अकराही पत्रं काढून दिली. चौकात त्यांची राख झाली. बारिक वाचला, एक डोळा गेला.

दोन वर्षांनी छळ थांबला. मंडळी पुन्हा जमू लागली. दारात मंडळीतल्या वडीलधाऱ्या इयादेरिया मावशींनी सिद्दिनाला अडवलं.

"तू बाहेर."

"मावशी, त्यांनी ह्यांना बुडवलं असतं..."

"नवरा वाचवलास, बरं केलंस. माझा लेक नाही वाचला. त्यानं पुस्तक दिलं नाही."

सिद्दिना घरी आली.

आधी पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही सगळीकडे जळाल्या होत्या; बाबांचे शब्द लोकांच्या तोंडी तुटकमुटक उरले होते, तेही चुकीचे. तिला मात्र ओळ न ओळ पाठ होती. हिवाळाभर ती लिहीत बसली. दहा पत्रं झाली.

"दहाच होती म्हणून सांग," बारिक म्हणाला. "अकरावं आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

तीन दिवस तिनं लेखणीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "एकदा जिवाच्या भीतीनं दिलं. आता काय, लाजेपायी गिळू?"

तिनं ते लिहिलं. एक शब्दही मऊ केला नाही.

बारिकनं गुंडाळी नेऊन दिली. मावशींनी अक्षर ओळखलं, पण घेतली. रविवारी वाचन झालं तेव्हा सिद्दिना बाहेर भिंतीला टेकून उभी होती. शेवटी अकरावं पत्र वाचलं गेलं. तोवर मंडळीत कुजबुज होती, की तिला परत घ्यावं. ती कुजबुज त्या दिवशी थांबली.

पत्रांच्या नकला निघाल्या, समुद्रापार गेल्या. वर नाव बाबांचं, आणि ते बरोबरच होतं.

नऊ वर्षांनी सिद्दिना तापानं गेली. मंडळीच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. बारिकनं कुंडामागे खड्डा खणला. इयादेरिया मावशी काठी टेकत आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या.

"शेवटी काही बोलली का रे?"

"पाणी मागितलं," बारिक म्हणाला, आणि माती ओढू लागला.