खांबाआडची खुर्ची

काकूंनी आयुष्यभर पडदे शिवले. खिडक्यांचे, दवाखान्यातले, शाळांच्या सभागृहांतले. पण ज्या पडद्याचा विषय निघाला की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची, तो त्यांनी टांगलेला कधी पाहिलाच नव्हता.

तो होता परदेशातल्या एका मोठ्या नाट्यगृहाचा. लाल मखमलीचा, आख्खी इमारत झाकली जाईल एवढा. वीसेक वर्षांपूर्वी कारखान्याला ते काम मिळालं आणि मालकांनी ते काकूंच्या गळ्यात घातलं. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, भिंतीला लावलेली सहा मशिनं आणि मधोमध कापायचं टेबल. तिथे एवढा पडदा उलगडायचा कुठे? जमिनीवर थोडा पसरायचा, शिवायचा, गुंडाळायचा, पुढचा पट्टा जोडायचा. संपूर्ण पडदा एका नजरेत कुणालाच दिसला नाही, अगदी शिवणाऱ्यांनाही नाही.

आणि मखमल हे मोठं खाष्ट कापड. तिला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर रंग गडद, उलट फिरवला तर फिका. एवढ्या पट्ट्यांत एक जरी उलटा जोडला गेला, तरी दिवे लागल्यावर तो लांबूनही डोळ्यांत खुपणार, आणि तो झाकायला दुसरा पडदा कुठून आणायचा? काकूंनी प्रत्येक पट्ट्यावरून तळहात फिरवून खात्री केली होती. पण अगदी शेवटी घाई झाली. ट्रक दारात उभा, मालक डोक्यावर बसलेले. उजव्या टोकाचे शेवटचे दोन पट्टे हात फिरवून जोडले की तसेच, हे काकूंना काही केल्या आठवेना. तिकडून तक्रार आली नाही. पण तक्रार आली नाही म्हणजे चूक झालीच नाही, असं समजून सुखाने झोपणाऱ्यांतल्या काकू नव्हत्या.

मग एक दिवस चहा पिता पिता मालक सहज म्हणाले, "काकू, तुमचा तो लाल पडदा उतरवतायत बरं का. नाटकांचा हा हंगाम संपला की नवा लावणार. म्हटलं सांगावं."

काकूंनी कप खाली ठेवला.

"फोटो मागवू का एखादा?" मालकांनी विचारलं.

"फोटोत लव कळत नाही," काकू म्हणाल्या आणि घरी येऊन लेकीला सांगून टाकलं, "मला परदेशी जायचंय. दोन रात्री पुरे. पडदा बघायचा आणि परत यायचं."

लेक हसली नाही, हा तिचा मोठेपणा. जावईही नाही. उलट तो बिचारा फोन घेऊन कामालाच लागला. काकूंनी साठवलेली रक्कम त्याला सांगितली तेव्हा मात्र त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला. विमान भल्या पहाटेचं मिळालं. "शहाणी माणसं त्या वेळी झोपलेली असतात, म्हणून स्वस्त," असं त्याचं म्हणणं. सामान फक्त हातातली पिशवी, कारण विमानाच्या पोटातल्या सामानाचे वेगळे पैसे. तिथे फिरायचं पायी. खायचं दुकानातून पाव आणून. सगळं बसत होतं. घोडं अडलं ते खोलीवर. एकटीसाठी खोली घेतली तर काकूंना एक रात्र परवडत होती आणि दुसरी रस्त्यावर काढावी लागली असती. दोघींत वाटली तर दोन्ही रात्री छपराखाली.

पण दुसरी कोण? लेकीला रजा नव्हती. बहिणीचे गुडघे गेलेले. शेजारीण विमानाचं नाव काढलं तरी देवाचं नाव घ्यायची.

जावई घसा खाकरून म्हणाला, "आईला विचारू का?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे.

जावयाची आई म्हणजे काकूंच्या विहीणबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण ते शाळेने मान्य केलेलं, त्यांनी नाही. लग्नात त्यांनी आपल्या मैत्रिणींशी काकूंची ओळख करून दिली होती, "या मुलीच्या आई. पडदे-बिडदे शिवतात." त्यातलं ते 'बिडदे' काकूंच्या घशात काट्यासारखं अडकलं, ते आजतागायत. तेव्हापासून दोघींचं नातं फोनवर तब्येतीची चौकशी करण्यापुरतं आणि समोरासमोर आल्यावर गोड हसण्यापुरतं उरलं होतं.

काकूंनी दोन दिवस विचार केला. एका बाजूला 'बिडदे', दुसऱ्या बाजूला पडदा. शेवटी फोन लावला.

"विहीणबाई, नाटक बघायला परदेशी जायचं म्हणते आहे. खोली वाटून घ्याल?" पडद्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, लेकीला आणि जावयालाही गप्प राहायची ताकीद दिली. पुन्हा कुणी बिडदे म्हटलेलं त्यांना ऐकायचं नव्हतं.

"येते," विहीणबाई म्हणाल्या. "पण आखणी माझी."

कितीतरी दिवसांत त्यांना वेळापत्रक करायला कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे त्या नुसत्या तुटून पडल्या. कुठलं वस्तुसंग्रहालय कुठल्या दिवशी फुकट असतं, कुठल्या चौकात पिण्याचं पाणी मिळतं, कुठल्या बागेतून गेलं की बसचं भाडं वाचतं, सगळं त्यांनी शोधून काढलं. काकूंची पिशवी त्यांनी स्वतः फूटपट्टीने मोजली आणि दुसरे बूट पायांतच घालून या, अशी सूचना केली. दोन बूट एका वेळी कसे घालायचे, हे विचारायची काकूंची छाती झाली नाही.

एवढ्या आखणीत नाटकावर मात्र त्यांनी काट मारलेली होती. त्या काकूंना म्हणाल्या,

"विहीणबाई, तिकीट बघितलंत का? खोलीच्या भाड्याएवढं! तेवढ्यात आपल्या दोघींचं सगळं जेवण होतंय."

"मी जेवले नाही तरी चालेल," काकू म्हणाल्या.

हे इतक्या शांतपणे आलं, की विहीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. जावयाने घाईघाईने फोनवर बोट फिरवायला सुरुवात केली आणि दुपारच्या खेळाचं एक तिकीट शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जातली, अगदी कडेची, खांबाच्या आडची खुर्ची. पैसे जवळपास नाहीतच. खाली स्पष्ट लिहिलं होतं, की इथून नट नीट दिसत नाहीत, मागाहून तक्रार चालणार नाही.

"आणि पडदा?" काकूंनी हळूच विचारलं.

जावयाने फोन आडवा धरला, उभा धरला. "पडदा… दिसेल. तिरका, पण दिसेल."

"मग तीच."

"पैसे मोजून खांब बघायचा?" विहीणबाईंनी नाक मुरडलं. पण खोलीत एकटीने बसून काय करायचं, असं म्हणून शेजारचा खांब त्यांनी स्वतःसाठीही घेतला.

प्रवास ठरल्याबरहुकूम झाला. खोलीतला पलंग असा होता, की एकीने कूस बदलली तर दुसरीलाही बदलावी लागे, आणि न्हाणीघर बोळाच्या टोकाला. सकाळी बागेतल्या बाकावर बसून दोघींनी पाव आणि केळी खाल्ली. विहीणबाई इमारतींची माहिती सांगत होत्या आणि काकू त्या इमारतींच्या खिडक्यांतल्या पडद्यांची कड बघत होत्या.

"तुमचं लक्ष कुठे असतं हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"हा बघा, हा खालून दुमडलेलाच नाहीये नीट. श्रीमंताचं घर आणि कड अशी."

विहीणबाईंनी पाहिलं. खरंच वाकडी होती. त्यानंतर त्याही बघू लागल्या, आणि दुपारपर्यंत दोघी मिळून अर्ध्या शहराला नापास करून मोकळ्या झाल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा एकत्र खळखळून हसल्या.

मग नाट्यगृह. तिसरा मजला चढताना काकू विहीणबाईंच्याही पुढे होत्या. खुर्ची सापडली, खांब सापडला. काकूंनी खांबाच्या डाव्या अंगाने मान काढून खाली पाहिलं.

पडदा नव्हता.

रंगमंच उघडा पडला होता. एक लोखंडी पलंग, दोन खुर्च्या, बस. नव्या पद्धतीचं नाटक. प्रेक्षक आत येतानाच सगळं मांडून ठेवलेलं, झाकणं नाही, उघडणं नाही. वर, अगदी छताजवळ, गोळा करून उचललेल्या लाल मखमलीची बोटभर किनार तेवढी दिसत होती. घंटा झाली, दिवे मंद झाले आणि नाटक सुरू झालं. इतकी जमवाजमव केली, विहिणीला फोन केला, आणि बघायला मिळाली ती बोटभर किनार.

मध्यंतरात विहीणबाईंनी पाहिलं, तर काकू खाली मान घालून बसलेल्या, आणि मुठीत कसलंसं लाल कापड.

"विहीणबाई, बरं वाटत नाहीये का?"

काकूंनी मूठ उघडली. तळहाताएवढा मखमलीचा तुकडा. "हा त्याच पडद्याचा. तो मी शिवलाय. मी आणि आणखी पाच जणींनी." मग त्यांनी सगळं सांगितलं, ट्रक, घाई, शेवटचे दोन पट्टे, आणि हंगाम संपला की पडदा उतरणार आहे, हेही.

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही पुन्हा बिडदा म्हणाला असतात."

विहीणबाईंचा चेहरा पडला. कोण कधी काय म्हणालं, ते त्यांना बरोबर आठवत होतं. त्या उठल्या, पदर नीट केला आणि हात पुढे केला.

"तो तुकडा द्या इकडे."

आणि गेल्या. नाटक पुन्हा सुरू झालं तरी शेजारची खुर्ची रिकामीच. बऱ्याच वेळाने त्या परतल्या. केस विस्कटलेले, श्वास लागलेला, हात रिकामे.

"काय झालं? तुकडा कुठंय?"

"नाटक बघा."

"दिसतंय कुठे?"

"मग खांब बघा."

नाटक संपलं. नट रांगेत उभे राहून वाकले, लोक टाळ्या वाजवू लागले, काहीजण कोट घालायला उठले. तेवढ्यात वर काहीतरी करकरलं.

पडदा खाली आला. घाई नाही, धक्का नाही, आपल्या वजनाने, एकसारखा. लाल, लाल, आणि लालच. उठलेली माणसं उभ्या जागी थबकली. खालची कड रंगमंचाला सगळीकडे एकाच वेळी टेकली. काकू कठड्यावरून इतक्या पुढे झुकल्या, की विहीणबाईंनी त्यांचा कोट मागून गच्च धरला. डावीकडून काकूंनी सुरुवात केली. पहिला पट्टा, दुसरा, पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे एका रंगाचे. आणि नेमके उजव्या टोकाचे शेवटचे दोन खांबाच्या मागे!

"दिसत नाहीत हो!" काकू रडकुंडीला आल्या.

"चला," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि लोकांचे गुडघे, पिशव्या, कोट यांतून सरळ वाट काढली. मुलांनी तुंबलेले शाळेचे जिने ज्यांनी वर्षानुवर्षं रिकामे केले, त्यांच्यापुढे एका रांगेचा काय पाड! दोघी सज्जाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

शेवटचे दोन पट्टे. गडद. बाकीच्यांसारखेच.

"सरळ आहेत," काकू म्हणाल्या, आणि मग रडत, हसत, मोठ्याने, "विहीणबाई, सगळे सरळ आहेत! एकही उलटा नाही!"

पडद्याच्या कडेने एक माणूस बाहेर आला. कामाचे कपडे, हातात मोजे. त्याने मान वर करून तिसरा मजला न्याहाळला आणि हातातला लाल तुकडा उंच धरला. त्याची भाषा विहीणबाईंना येत नव्हती आणि यांची त्याला. मघाशी रंगमंचामागे गाठून त्यांनी त्याला तुकडा दाखवला होता, हवेत सुई चालवून दाखवली होती, वरच्या पडद्याकडे आणि मग तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं होतं, आणि शेवटी अनेक पिढ्यांना वर्गात बसवणारा तो आवाज काढला होता. बाकीचं त्याचं त्याला मखमलीवर अंगठा फिरवल्यावर समजलं.

विहीणबाईंनी रंगमंचाकडे पाठ केली, काकूंकडे तोंड केलं आणि टाळ्या वाजवू लागल्या. आजूबाजूची माणसं गोंधळून बघायला लागली. त्यावर विहीणबाईंनी त्या सगळ्यांना खणखणीत मराठीत ओळख करून दिली.

"या आमच्या विहीणबाई. हा पडदा यांनी शिवलाय."

कुणालाही एक अक्षर कळलं नाही. पण लोकांनी खाली उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग काकूंकडे, आणि थांबत आलेल्या टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. काकूंनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि मान ताठ करून त्या सगळ्या टाळ्या घेतल्या.