राखणदाराचा पहिला ग्लास

नलूमावशीचे अनारसे बावीस दिवाळ्या दादरच्या एका दुकानात विकले गेले. डब्यावर नाव दुकानाचं. करी रोडला आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत ती राहते. डब्यावरच्या नावाबद्दल ती कधी बोलली नव्हती.

यंदा माझा कॉलेजातला मित्र हर्षवर्धन याने लोअर परळला स्वतःच्या बियरचं छोटं दुकान काढलं. दिवाळीसाठी त्याने गूळ घालून काळी बियर केली. ग्लासासोबत एक अनारसा द्यायचा, असा बेत. मी मावशीचं नाव सुचवलं. चव जुळली तर मेनूवर तिचं नाव छापू, तो म्हणाला. मी निरोप दिला, तेव्हा तिने दोनदा विचारलं, नाव म्हणजे माझंच ना.

ठरल्या दिवशी दुपारी ती इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन आली. हर्षवर्धनने ग्लास पुढे केला. तिने हात मागे घेतला. बियरला तिची हरकत नव्हती. अडचण अनारशाची होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळ चाखायचा नाही, हा तिचा नेम. आजवर जाळी बघून आणि वास घेऊनच तिने अनारसे पास केले होते. दिवाळी आठ दिवसांवर होती आणि मेनू संध्याकाळी छापायला जाणार होता.

हर्षवर्धनचा चेहरा पडला. मावशीने विचारलं, या जागेचा राखणदार कोण? त्याने वॉचमनचं नाव सांगितलं. हर्षवर्धन पुण्याचा, त्याला हे ठाऊक नव्हतं. मग मी समजावलं, की आमच्या मालवणात प्रत्येक जागेला न दिसणारा राखणदार असतो. त्याला मान द्यावा लागतो. त्याला दारूही चालते, आणि त्याच्यापुढे ठेवलं की नैवेद्य झाला.

मागच्या दारी पिंपळ होता. मावशीने त्याच्या मुळाशी काळा ग्लास आणि अनारसा ठेवला. आम्हाला रांगेत उभं केलं आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, तुका काळी बियर नि अनारसो ठेवलंय, तो मान्य करून घे. ह्या पोरांचो धंदो चलांदे."

"होय म्हाराजा," मी म्हणालो. काउंटरवरची प्रितीही म्हणाली. तिला गंमत वाटत होती.

"आणि माझ्या तोंडातसून खरा ताच येवंदे."

"होय म्हाराजा."

मग मावशीने अनारसा मोडला, एक घास खाल्ला, एक घोट घेतला. हर्षवर्धन लगेच म्हणाला, एकदम जुळलंय. प्रितीने मान हलवली. मावशीची नजर पिंपळाकडे गेली. आपण मघाशी काय मागून बसलो, हे तिला आठवलं असावं.

"नाय जमणा," ती म्हणाली. "गुळावर गूळ. दोगांय एकमेकांक मारतत."

मी थक्क झालो. बावीस वर्षांनी हाताशी आलेलं नाव तिने एका घासात घालवलं होतं.

हर्षवर्धन उठला. त्याने दुसऱ्या नळातली, गूळ न घातलेली काळी बियर आणली. कडू, भाजक्या कॉफीच्या वासाची. मावशीने अनारसा चहात बुडवावा तसा त्यात बुडवला. खाल्ला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिने डबाच स्वतःकडे ओढून घेतला.

"ह्या चलात," ती म्हणाली.

हर्षवर्धनने आपली गुळाची बियर मेनूवरून खोडली आणि विचारलं, नाव काय लिहू, नलूमावशी?

"मावशी तुमची," ती म्हणाली. "थंय नलिनी सीताराम परब लिव."