बाहेरून धरलेलं दार

मुलगी सातवीत असताना तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, शाळेत पाणी पीत नाहीस का? तिची बाटली भरलेलीच घरी परत यायची. मला वाटायचं, विसरत असेल.

घरी आल्यावर तिने सांगितलं. ती बाथरूममध्ये गेली की वर्गातल्या तिघी बाहेरून दार धरून ठेवायच्या आणि सुट्टी संपल्यावर सोडायच्या. उशीर झाला म्हणून बाई तिलाच बोलायच्या. कारण फार मोठं नव्हतं. आम्ही एडवण गावातून बोईसरला राहायला आलेलो, तिच्या बोलण्यात ‘हाय’, ‘नाय’ यायचं. त्यावरून चिडवता चिडवता हे सुरू झालं होतं. बाथरूमला जावंच लागू नये म्हणून तिने पाणी बंद केलं.

मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुली एकमेकींची गंमत करतात, समज देते. समज दिलीही. त्या संध्याकाळी तिघींपैकी एकीची आई आमच्याकडे आल्या. बोलायला वाईट नव्हत्या. एवढ्याशा गमतीसाठी शाळेपर्यंत जायला नको होतं, इतकंच त्यांचं म्हणणं. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मुलगी आतून आली.

“काकू, गंमत असती तर मीपण हसले असते.”

त्या अर्धा चहा ठेवून निघाल्या. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं, मला ठाऊक नाही. त्यांच्या मुलीने माफी मागितली नाही, पण ती पुन्हा दाराशी गेली नाही. उरलेल्या दोघी मात्र जात राहिल्या.

मग वर्गातलीच एक मुलगी मध्ये पडली. तिचे वडील एमआयडीसीत कामाला, घरात हिंदी. माझ्या मुलीशी तिची फारशी ओळखही नव्हती. “तू जा, मैं बाहर खड़ी हूँ,” एवढंच ती म्हणाली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. ती भांडली नाही. त्या दोघी यायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि परत फिरायच्या. हळूहळू त्यांचं येणं थांबलं.

पुढच्या पालकसभेत मी हे कुणाचं नाव न घेता सांगितलं. सभा संपल्यावर एका मुलाचे वडील मागे रेंगाळले. त्यांच्या मुलाचं शाळेला निघताना रोज पोट दुखायचं. त्याला विचारायचं तरी कसं, ते त्यांना कळत नव्हतं. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत बोलत राहिलो.